आईबाबा सत्तरीत गाडी चालवतात? मग इन्शुरन्स रिन्यू करायच्या आधी एवढं बघून घ्या

आधी एक गैरसमज काढून टाका, वय वाढलं म्हणून गाडीचा अख्खा इन्शुरन्स महाग होतो असं आपल्याकडे नाहीये. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणाऱ्या भागाचा, रेट सरकार ठरवतं आणि तो बघतो फक्त इंजिनाचे सीसी. जून २०२२ ला ठरलेले दर म्हणजे १००० सीसीपर्यंत वर्षाला २०९४ रुपये, १५०० पर्यंत ३४१६ आणि त्याच्या वर ७८९७, चालवणारा पंचविशीचा असो नाहीतर पंच्याहत्तरीचा. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनी ठरवते, तिथे गाडीची आयडीव्ही (पॉलिसीत धरलेली गाडीची आजची किंमत), गाडी किती जुनी, कुठल्या शहरातली आणि मागचे क्लेम किती हे बघतात, म्हणून कोट दोन-तीन ठिकाणी काढाच, फरक पडतो. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा जीएसटी गेला, तसा गाडीचाही गेला असेल असं खूप जण धरून चालतात, तर नाही, गाडीला १८ टक्के आहेच.

खरी अडचण येते लायसनमुळे. वयाची ५५ वर्षं झाली की लायसन एकावेळी पाचच वर्षांसाठी रिन्यू होतं, आणि हे घरात कोणाच्याही लक्षात राहत नाही. आमच्या बाबांची वॅगनआर सोसायटीच्या गेटच्या खांबाला घासली, दरवाजा आणि फेंडर दोन्ही गेले, मी क्लेम टाकला आणि सर्व्हेअरने लायसन मागितलं तेव्हा कळलं की ते चार महिन्यांपूर्वीच संपलंय. प्रीमियम वेळेवर भरलेला, पॉलिसी चालू, तरी क्लेम नामंजूर. बाबांना पैशापेक्षा त्याचंच जास्त लागलं, चाळीस वर्षं गाडी चालवलेला माणूस आणि कागदावर बिनलायसनचा. आणि हे तर पत्र्यावर निभावलं. दुसऱ्या कोणाला लागलं असतं तर कोर्ट कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतं आणि मग कंपनी ती गाडीमालकाकडून वसूल करू शकते, म्हणजे थर्ड पार्टी असूनही म्हातारपणाची पुंजी जाऊ शकते. म्हणून आजच त्यांचं लायसन हातात घ्या आणि तारीख बघा. संपायच्या आधी एक वर्षापासून अर्ज करता येतो, सरकारच्या सारथी पोर्टलवर फॉर्म भरायचा आणि डॉक्टरकडून फॉर्म १ए (तब्येतीचा दाखला) भरून घ्यायचा. संपून वर्ष उलटलं तर परत टेस्ट. डोळे मात्र नीट तपासून घ्या, नुसता सही-शिक्का नको, मोतीबिंदू असेल तर रात्री समोरच्या लाइटने काहीच दिसत नाही.

आता छोट्या क्लेमचं. या वयात गाडी ठोकत नाहीत हो, घासतात, पार्किंगमध्ये, गेटला, रिव्हर्स घेताना. आणि मुलं लगेच म्हणतात इन्शुरन्स आहे ना, टाका क्लेम. थांबा आणि हिशोब करा. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ६००० आहे आणि एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट) ५० टक्के, म्हणजे भरता ३०००. एक क्लेम केला की एनसीबी शून्य, पुढच्या वर्षी पूर्ण ६०००, मग २० टक्के, २५, ३५, ४५ असं चढत परत ५० ला यायला पाच वर्षं. तेवढ्या काळात जास्तीचे जातात ७५०० रुपये. आणि बंपरच्या क्लेममध्ये मिळतं काय, प्लास्टिकवर ५० टक्के घसारा (पार्ट जुना झाल्याची वजावट) कापतात, वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये तुम्ही भरायचे. म्हणजे आठ हजारांचा बंपर असेल तर हातात तीन हजार. खिशातून करा सरळ.

कव्हर कुठलं घ्यायचं ते गाडीच्या वयावर आहे. पाच वर्षांच्या आतली असेल तर झिरो डेप (पार्ट्सवर घसारा न कापणारं कव्हर) घ्याच, ज्येष्ठांसाठी मी त्याला पहिला नंबर देईन, दुसरा रोडसाइड असिस्टन्सला, कारण सत्तरीच्या माणसाने एक्सप्रेसवेवर टायर बदलत बसावं असं कोणालाच वाटत नाही. गाडी दहा-बारा वर्षांची असेल आणि आयडीव्ही लाखाच्या आसपास तर नुसती थर्ड पार्टीही चालते, पण मग चोरी, आग, पाणी यातलं काहीच मिळणार नाही हे बाबांना आधी सांगून ठेवा.

गाडी फक्त भाजी, बँक आणि देवळापुरती निघत असेल तर पे अॅज यू ड्राइव्ह विचारा, २०२२ पासून आलंय, किलोमीटर कमी तर ओन डॅमेज कमी. फक्त ठरवलेले किलोमीटर संपले की काय होतं ते लेखी बघा आणि गावाला जायच्या आधी मीटर तपासा.

अजून एक, एजंट न विचारता १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर पर्सनल अॅक्सिडेंट (गाडीमालकाचा स्वतःचा अपघात विमा) लावतो. ते मालकाचं स्वतःचं लायसन चालू असेल तरच. बाबांनी गाडी चालवणं सोडलं असेल आणि तुम्ही चालवत असाल तर तुम्हाला त्यातून काही मिळणार नाही, तुमची वेगळी पॉलिसी काढा. शेजारी बसणाऱ्या आईसाठी पॅसेंजर कव्हर घ्या, आणि पगारी ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याचंही कव्हर विचारून लावून घ्या, तो दिवसभर तुमच्या माणसांना फिरवतो.

आणि गाडी विकायचं ठरलंच तर एनसीबी गाडीबरोबर देऊन टाकू नका. ती मालकाची असते. विकल्यावर कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या, ३ वर्षं चालतं, बाबांनी नंतर छोटी ऑटोमॅटिक घेतली तर तिच्या पहिल्याच पॉलिसीत तोच ५० टक्के डिस्काउंट लागतो.