दुष्काळानंतर माळावरचं गवत परत कसं आणावं

वळीव पडला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसतो आणि लगेच गुरं सोडली जातात. घात होतो तो इथेच. पवना, डोंगरी, मारवेल ही बहुवर्षायू गवतं तेव्हा मुळातल्या शिदोरीवर फुटत असतात. ते कोवळे फुटवे खुडले गेले, तर दुष्काळातून तगलेलं ठोंबही, म्हणजे गवताचा मुळासकटचा झुपका, पावसाळ्यात मरू शकतं.

म्हणून मे महिन्यातच माळावर एक चक्कर मारा. ठोंब मुठीत धरून हलकेच ओढा. उपटून हातात आलं आणि बुडखा भुशासारखा झाला असेल, तर ते गेलं. घट्ट बसलेलं असेल तर बुंधा नखानं सोलून पाहा. आत पांढरट, किंचित ओलसर दिसलं की जीव आहे. चालत चालत शंभरेक ठोंबं तपासा. निम्मी जिवंत असतील तर बियाण्यावर पैसे घालू नका, नुसतं राखा. हा माझा ठोकताळा आहे, शास्त्र नव्हे.

राखायचं म्हणजे पहिला पावसाळाभर चराई बंद. नगरकडच्या हिवरे बाजार गावाने चराईबंदी केली, पण गवत कापून न्यायला मुभा ठेवली. ही वाट चांगली. मात्र गायरानावर मेंढरं आणणाऱ्या धनगरांना आधी विचारात घ्या. त्यांना न विचारता घातलेलं कुंपण आठवडाभरही टिकत नाही.

जिथे ठोंबंच उरली नाहीत तिथे बी टाका. ते गेल्या हंगामातलं असावं. ताजं बी बहुधा लगेच उगवत नाही. शेणमातीत कालवून पाऊस लागताना फोकायचं आणि काटेरी फांदी ओढून जेमतेम झाकायचं. नांगर मुळीच नको. कुसळी गवताला तर तुमची गरजच नाही: त्याच्या बियांचं कुसळ ओलं-सुकं होताना पीळ घेतं, सोडतं आणि बी स्वतःच मातीत घुसवतं. धोतरात घुसतं तसंच.

वेडी बाभूळ कापली की पुन्हा फुटते, ती बुडासकट खणून काढा. माळ पेटवू नका. आणि 'हिरवाई' म्हणून गवतात झाडांचे खड्डे घेऊ नका.

कापणी बी गळल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. फुलोऱ्यातला चारा जास्त सकस असतो हे खरं, पण पहिल्या वर्षी तेवढा तोटा सोसा. बुंध्याशी वीतभर गवत उभं ठेवा. पुढच्या वर्षी माळाचे चार तुकडे करून पाळीपाळीने गुरं घाला, एक तुकडा बी धरायला मोकळा ठेवून.