‘वषेर्’चे ‘वर्षे’ कसे करावे: जुन्या फाँटांतील मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणण्याची रीत

वीस-पंचवीस वर्षे जुन्या कोणत्याही मराठी संस्थेच्या कपाटात एक सीडी हमखास सापडते. तिच्यावर ‘स्मरणिका फायनल’ असे लिहिलेले असते आणि तिच्याखाली ‘स्मरणिका फायनल नवीन’ अशी दुसरी सीडी असते. त्यांतील फाइल उघडली की अध्यक्षांच्या मनोगताच्या जागी कंस, पौंडाची चिन्हे आणि डोक्यावर रेघा मारलेली इंग्रजी अक्षरे यांची रांगोळी पडद्यावर उमटते. अशा वेळी ‘फाइल करप्ट झाली’ असे सांगून सीडी पुन्हा कपाटात ठेवण्याची पद्धत आहे. वस्तुतः फाइल धडधाकट असते. तिच्यात मराठी मजकूर कधी नव्हताच. होती ती रोमन अक्षरे, आणि विशिष्ट फाँट लावल्यामुळे ती मराठी दिसत होती. फाँट नाहीसा झाला आणि सोंग उतरले, एवढेच.

हे सोंगही प्रत्येकाने वेगवेगळे आणले. साधा काना घ्या. कृती देव फाँटात काना म्हणजे इंग्रजी ‘के’, श्रीलिपीच्या फाँटांत तो ‘एम’, तर सी-डॅक या शासकीय संस्थेच्या आयएसएम प्रणालीच्या डीव्ही फाँटांत डोक्यावर तिरपी रेघ असलेला मोठा ‘ई’. एकाच भाषेचा एकच काना तीन घरांत तीन नावांनी नांदत होता आणि एका घरची फाइल दुसऱ्या घरी ओळख देत नव्हती. देशात प्रमाण संकेत, म्हणजे कोणत्या अक्षराला संगणकात कोणता क्रमांक हे ठरवणारा तक्ता, नव्हता म्हणून असे झाले, ही समजूत मात्र चुकीची आहे. भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा संकेत आयएस १३१९४ या क्रमांकाने १९९१ सालीच प्रमाण ठरला होता. जगातील लिप्यांसाठीच्या ‘युनिकोड’ या सामाईक संकेताची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची असून तिच्यातील देवनागरीच्या १२८ जागांची मांडणी इस्कीच्याच १९८८ सालच्या रूपावर बेतलेली आहे. प्रमाण होते, ते पाळण्याची अट खरेदी करणाऱ्यांनी घातली नाही. विकणाऱ्यांना तर ग्राहक आपल्याच फाँटाशी जखडलेला राहिला तर हवेच होते. पुढे विंडोज २००० मध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली, परंतु छपाईचे बहुतेक काम पेजमेकर या पानजुळणीच्या प्रणालीत चाले आणि पेजमेकरला युनिकोड देवनागरी शेवटपर्यंत जमले नाही. त्यामुळे पत्र युनिकोडमध्ये टंकायचे, छापखान्यात ते पुन्हा जुन्या फाँटात टंकून घ्यायचे आणि दोन्ही वेळच्या चुका वेगवेगळ्या ठेवायच्या, असा कारभार अनेक वर्षे सुखेनैव चालला.

आता कामाला लागावे. सर्वप्रथम मूळ फाइलींची प्रत करून ती वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि पुढील सर्व प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करावेत. त्यानंतर फाँट ओळखावा. वर्डची फाइल असेल तर मजकुरावर कर्सर ठेवताच वरच्या पट्टीत फाँटाचे नाव दिसते. तो फाँट आपल्या संगणकावर नसला तरी नाव दिसतेच, ही त्या प्रणालीची मोठी कृपा आहे. नाव कुठेच न सापडता नुसता मजकूर हाती आला, तर लक्षणांवरून निदान करावे. पानभर तिरप्या रेघांचे मोठे ‘ई’ दिसले तर मजकूर बहुधा आयएसएमच्या डीव्ही कुळातला आहे. मधूनमधून अधोरेखा आणि त्यांच्या आगेमागे पुष्कळ ‘एम’ दिसले तर श्रीलिपीचा संशय घ्यावा, कारण तिथे ‘म’ हे अक्षर अधोरेखेच्या कळीवर बसवलेले आढळते. सगळी साधी इंग्रजी अक्षरे असून त्यांत ‘के’चा सुळसुळाट असेल, तर कृती देव. एका कुळातही पाठभेद असतात. म्हणून ‘श्रीलिपी’ एवढ्यावर न थांबता फाँटाच्या नावातील क्रमांकासह सगळे नाव टिपून ठेवावे.

पीडीएफ असेल तर आधी एक चाचणी करावी. पानावर डोळ्यांना स्पष्ट दिसणारा एखादा शब्द, समजा ‘महाराष्ट्र’, शोधपट्टीत टंकावा. सापडला तर उत्तम. सापडला नाही, तर ती पीडीएफ संगणकाच्या दृष्टीने चित्र आहे किंवा जुन्या फाँटातले सोंग आहे. नव्या युनिकोड फाइलीपासून केलेली पीडीएफसुद्धा कधीकधी या चाचणीत नापास होते, कारण पीडीएफमध्ये अक्षरांपेक्षा अक्षरांच्या आकृत्यांचे क्रमांक साठवलेले असतात आणि त्या आकृतीवरून मूळ अक्षराकडे परत येण्याचा तक्ता जोडाक्षरांच्या बाबतीत अनेकदा अपुरा असतो. माझे ठाम मत असे आहे की, ज्या परिपत्रकात ‘महाराष्ट्र’ शोधून सापडत नाही ते संकेतस्थळावर ‘उपलब्ध’ आहे असे म्हणू नये. ते तिथे फक्त टांगलेले आहे.

निदान झाल्यावर लगेच रूपांतर करण्याचा मोह आवरावा. जुन्या फाइलीत मराठीच्या मधोमध खरीखुरी इंग्रजी असते: एखादा ईमेल पत्ता, कंपनीचे नाव, औषधाचे नाव. रूपांतर करणाऱ्या साधनाला खरी रोमन अक्षरे आणि सोंगातली रोमन अक्षरे यांतला फरक कळत नाही, त्यामुळे सगळेच एका घाण्यातून निघते आणि ईमेल पत्त्याच्या जागी न उच्चारता येणारे एखादे संस्कृतसदृश पद तयार होते. यावर उपाय म्हणजे मजकूर फाँटानुसार वेगळा करणे. वर्ड आणि लिबरऑफिस या दोहोंत ‘शोधा’च्या खिडकीत विशिष्ट फाँटातलाच मजकूर शोधण्याची सोय आहे, तिचा उपयोग करून केवळ जुन्या फाँटातील भाग रूपांतराला द्यावा. एक्सेलमधील आकड्यांच्या स्तंभांना तर हातही लावू नये. तिथे आत साधे इंग्रजी अंक असतात आणि फाँटामुळे ते मराठी दिसतात, म्हणून बेरीज नीट होते. त्यांचे खरे देवनागरी अंक केले की एक्सेल त्यांना बहुधा मजकूर समजते आणि बेरजेच्या चौकटीत शून्य येते. एका संस्थेच्या वर्गणीच्या यादीचे असे झालेले मी पाहिले आहे; खजिनदारांनी ते शून्य बराच वेळ गंभीरपणे न्याहाळले होते.

रूपांतराची तयार साधने पुष्कळ आहेत. सी-डॅकचे ‘परिवर्तन’ आहे, मायक्रोसॉफ्टच्या भाषाइंडिया उपक्रमातून आलेले टीबीआयएल आहे, आणि नुसता मजकूर चिकटवून चालणारी कित्येक ऑनलाइन साधने आहेत. नावे, पत्ते, आजारांची माहिती किंवा न्यायालयीन मजकूर असलेली फाइल मात्र अनोळखी संकेतस्थळावर चिकटवू नये. आपल्या संगणकावर चालणारे साधनच वापरावे. कोणतेही साधन निवडण्यापूर्वी त्याची परीक्षा घ्यावी, आणि परीक्षेचा सोपा पेपर काढू नये. ‘कमल नमन कर’ हे कोणतेही साधन बिनचूक करून दाखवते. ‘स्थिती’, ‘वर्षे’, ‘गर्दी’, ‘निर्मिती’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘दऱ्या’, ‘ऱ्हास’, ‘हृदय’, ‘विठ्ठल’ आणि ‘ॲड.’ हे शब्द मूळ फाइलीतून शोधून काढावेत आणि तेवढेच आधी रूपांतरित करून पाहावेत.

हे शब्द का, हे समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढील सगळी दुरुस्ती त्यावरच अवलंबून आहे. जुन्या फाँटांत मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाइलीत ती आधी असते. युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर हवी. साधनाने ती नुसती एका अक्षराने पुढे सरकवली की ‘किती’ बरोबर येते, परंतु ‘स्थिती’चे ‘सि्थती’ होते, कारण वेलांटीने संपूर्ण जोडाक्षर ओलांडायला हवे होते आणि ती अर्ध्या ‘स’पाशीच दमली. रफाराची गोष्ट उलटी आहे. तो दिसतो अक्षराच्या डोक्यावर, जुन्या फाइलीत येतो अक्षर आणि त्याची मात्रा यांच्याही नंतर, आणि युनिकोडमध्ये मात्र त्याला त्या अक्षराच्या आधी, पाय मोडलेला ‘र’ म्हणून बसावे लागते. साधनाने त्याला हलवलेच नाही तर ‘वर्षे’चे ‘वषेर्’ आणि ‘गर्दी’चे ‘गदीर्’ होते. घाईने रूपांतरित केलेल्या जुन्या बातम्यांत ही भाषा आजही वाचायला मिळते, आणि काही काळ ती वाचत राहिल्यास माणसाला ‘मागीर् लागणे’ हा स्वतंत्र वाक्प्रचार वाटू लागतो. ‘निर्मिती’च्या मधल्या अक्षरात वेलांटी आणि रफार दोन्ही एकाच ‘म’भोवती उभे असतात, म्हणून परीक्षेत हा शब्द सर्वांत अवघड. तो बिनचूक आला तर साधनावर बऱ्यापैकी विश्वास ठेवायला हरकत नाही.

तयार साधन मिळाले नाही आणि आपणच अक्षरांचा तक्ता करून अदलाबदल करणार असाल, तर बदल लांब चिन्हसमूहांपासून सुरू करावेत. दोन-तीन चिन्हे मिळून होणारी अक्षरे आधी बदलावीत, एकेकटी चिन्हे शेवटी. अन्यथा मोठ्या समूहाचा तुकडा लहान नियम आधीच खाऊन टाकतो. वेलांटी आणि रफार यांची हलवाहलव सर्व बदलांनंतर करावी. फाँट आहे पण त्याचा तक्ता कुठेच नाही, अशी स्थिती असेल तर थोडा गावठी पण गुणकारी उपाय करावा: त्या फाँटात पाने मोठ्या आकारात चित्ररूपाने काढून घ्यावीत आणि ती ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर करणाऱ्या साधनाला, द्यावीत. टेसरॅक्ट या मुक्त साधनात मराठीची सोय आहे आणि स्वच्छ, न डागाळलेल्या पानावर ते चांगले काम करते.

आता खास मराठी दुखणी. ‘दऱ्या’तला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: खाली टिंब असलेल्या ‘ऱ’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एक टंकले तर दुसरे सापडेलच असे नाही. माझी शिफारस पहिल्या प्रकाराची आहे. कोणताही निवडा, पण साऱ्या संग्रहात एकच ठेवा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्याआधी लोक ‘अ’वर चंद्र ठेवून किंवा हिंदीतील ‘ऍ’ वापरून वेळ भागवत असत, त्यामुळे जुन्या साधनांतून आलेल्या ‘ॲड.’ आणि ‘ॲल्युमिनियम’ यांची शोधाशोध करून ती एकसारखी करावी लागतात.

‘ल’ आणि ‘श’ यांच्या मराठी वळणाचा प्रश्न मात्र अक्षरांचा नाही, फाँटाचा आहे. राज्य शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात वर्णमालेतील अक्षरांची रूपे ठरवून दिली, तेव्हापासून ‘माझ्या संगणकात शासनमान्य ल नाही’ ही तक्रार ऐकू येते. वळण कोणतेही असो, युनिकोडमध्ये ‘ल’ एकच आहे. मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडावी आणि मराठी वळण असलेला फाँट लावावा. राज्य मराठी विकास संस्थेने उपलब्ध करून दिलेले यशोमुद्रा आणि यशोवेणू आहेत. वळणासाठी मजकुरात काहीही बदलू नये.

साठवताना यूटीएफ-८ हा युनिकोड मजकूर साठवण्याचा पर्याय निवडावा. नोटपॅडमध्ये ‘ॲन्सी’ हा जुना संकेत निवडून साठवले की प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते, आणि तिथून परतीची वाट नाही. एक्सेलमधून सीएसव्ही काढताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असे लिहिलेलाच पर्याय घ्यावा. माहितीसाठ्यात रकान्याची लांबी बाइटांत मोजली जात असेल तर ती वाढवून घ्यावी, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. पन्नास बाइटांच्या रकान्यात ‘लक्ष्मीनारायण’ जेमतेम मावतो. त्याच्या वडिलांचे नाव आणि आडनाव बाहेरच उभे राहतात.

नावांची यादी अकारविल्हे लावल्यावर ती नजरेखालून घालावी. संगणकाने नुसत्या युनिकोड क्रमांकांनुसार क्रम लावला तर ‘काळे’ हे ‘काशीकर’ यांच्या आधी येतात, कारण तिथे ‘ळ’ची जागा ‘ल’च्या लगेच नंतर आहे, आणि क्षीरसागर मंडळी ‘कोल्हटकर’ आणि ‘खरे’ यांच्या मध्ये जाऊन बसतात. मराठी वर्णक्रमात ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ यांची जागा ‘ह’नंतर आहे, प्रणालीत क्रमासाठी मराठी भाषा निवडता येत असेल तर ती निवडावी.

यानंतर मुद्रितशोधन, आणि ते माणसानेच करावे. संपूर्ण मजकूर वाचायला वेळ नसेल तर निदान शब्दाच्या शेवटी आलेला पाय मोडका ‘र’, शब्दाच्या सुरुवातीची वेलांटी आणि पाय मोडण्याच्या खुणेला चिकटलेली मात्रा एवढे तरी शोधपट्टीतून शोधावे. बहुतेक मोठ्या चुका या तीन जाळ्यांत अडकतात.

राहिला पुढच्या कामाचा प्रश्न. केंद्र शासनाने ई-प्रशासनासाठी युनिकोड हा प्रमाण संकेत २००९ सालीच ठरवला आणि इनडिझाइन या पानजुळणीच्या प्रणालीला २०१२ च्या सीएस ६ आवृत्तीपासून देवनागरी जुळणी येते, तरीही ‘आमच्याकडे युनिकोड चालत नाही’ हे वाक्य अक्षरजुळणीच्या दुकानांत अजून चालते. त्याच्याशी वाद घालू नये. कामाच्या आदेशात लिहावे की, मजकूर युनिकोडमध्ये असावा, फाँट ओपनटाइप (युनिकोड मजकुरातली जोडाक्षरे जुळवू शकणारा) असावा, अंतिम पीडीएफमध्ये मराठी शब्द शोधता यावेत, आणि छपाईनंतर मूळ फाइल संस्थेला परत मिळाल्याशिवाय शेवटचा हप्ता दिला जाणार नाही. यांपैकी शेवटच्या अटीचा तांत्रिक परिणाम सर्वाधिक होतो.

आणि ती जुनी सीडी टाकून देऊ नये. तिच्यातील मूळ फाइल, आपल्याकडे रीतसर असेल तर त्या फाँटाची फाइल, नवी युनिकोड फाइल आणि कोणत्या साधनाने कधी रूपांतर केले याची चार ओळींची नोंद, असे सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवावे. फोल्डरला वर्ष आणि विषय यांचे नाव द्यावे. ‘फायनल’ हा शब्द त्यात कुठेही नसावा.