आमच्या टॉवेलच्या कारखान्याचं ॲप: काय कुठे असतं ते समजून घेताना

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. माग अप्पा आणि भाऊ बघतात. ऑर्डरी, बिलं आणि वसुली माझ्याकडे. लातूर, कलबुर्गी, विजयपूर, हैदराबाद असे मिळून दीडशेच्या आसपास व्यापारी आमच्याकडून माल घेतात. ऑर्डर आधी फोनवर यायची, मग व्हॉट्सॲपवर यायला लागली. ‘मागच्या वेळचाच माल पाठवा ताई’ एवढाच आवाजी निरोप यायचा आणि मागच्या वेळी काय पाठवलं होतं ते शोधत मी बसायची. एकदा पांढऱ्याऐवजी आकाशी टॉवेलची गाठ कलबुर्गीला गेली आणि तशीच परत आली. त्या भाड्याच्या पावतीनंतर घरात ठरलं, ॲप करून घ्यायचं.

मी बी.कॉम. झालेली. प्रोग्रामिंग मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही. पण ॲप बनवून घेणाऱ्याला कोड यावा लागत नाही. कोणती गोष्ट कुठे असते आणि ती कोणाच्या नावावर असते, एवढं पक्कं कळावं लागतं. ते कळायला मला दोन वर्षं लागली. घरचा धंदा हातात घेऊन आता ॲपच्या मागे लागलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली गोष्ट मला अप्पांमुळे समजली. आजोबांच्या काळात आमच्याकडे चादरीचे माग होते, जेकार्डचे. त्यावर पुठ्ठ्याच्या पत्त्यांची माळ फिरायची. पत्त्याला जिथे भोक असेल तिथे ताण्याचा धागा उचलला जातो, भोक नसेल तिथे तो खालीच राहतो, आणि मधून धोटा जातो. असे शेकडो पत्ते ओळीने फिरले की चादरीवर मोर उमटतो. मागाला मोर माहीत नसतो. फ्रान्समध्ये जॅकार्ड नावाच्या माणसाने १८०४ च्या सुमारास हे यंत्र बसवलं आणि पुढे संगणकाला छिद्रांच्या कार्डांनी सूचना देण्याची कल्पना त्याच वाटेने आली. ॲपचा प्रोग्राम म्हणजे अशीच सूचनांची माळ. अप्पा म्हणाले, ‘एक पत्ता उलटा ओवला तर दर चादरीत त्याच जागी चूक येते.’ प्रोग्रामची चूक अगदी तशीच वागते, म्हणून ती सापडतेही.

आता ही माळ असते कुठे? थोडी व्यापाऱ्याच्या फोनवर आणि बरीचशी दूर, इंटरनेटला जोडून चोवीस तास चालू असलेल्या एका संगणकावर. तो सर्व्हर. आपल्या पेढीकडे बघा. गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहतं, आत मुनीम बसलेला असतो, मुनीमापुढे खतावणी असते. फोनवर दिसतं ते काउंटर. सर्व्हर म्हणजे मुनीम, आणि डेटाबेस म्हणजे खतावणी. गिऱ्हाईक खतावणीला हात लावत नाही. ते चिठ्ठी आत पाठवतं, मुनीम ती तपासतो, वहीत लिहितो आणि उत्तर बाहेर देतो. चिठ्ठीत काय, कोणत्या क्रमाने लिहायचं ते आधी ठरलेलं असतं. त्या ठरावाला एपीआय म्हणतात. ॲप करणारी मुलं हा शब्द दिवसातून पन्नास वेळा उच्चारतात, तेव्हा घाबरू नका.

हे नीट न समजल्याचा फटका आम्हाला पहिल्याच हंगामात बसला. आमच्या पहिल्या ॲपमध्ये टॉवेलचे भाव फोनवरच्या भागात लिहून ठेवले होते. सुताचा भाव चढला, आम्ही डझनामागे भाव वाढवले, नवं ॲप प्ले स्टोअरवर चढवलं आणि निर्धास्त झालो. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधीचे दिवस होते, ऑर्डरी जोरात होत्या. लातूरच्या एका काकांची ऐंशी डझनांची ऑर्डर आली, ती जुन्या भावाने. त्यांनी ॲप अपडेटच केलं नव्हतं. त्यांच्या फोनवर जुना भाव दिसत होता, म्हणजे त्यांची काहीच चूक नव्हती. आम्ही दिलेला शब्द पाळला आणि तोटा सोसला. लोक ॲप अपडेट करतील हे गृहीत धरूच नका. भाव, स्टॉक, सवलत, वाहतुकीचा खर्च, जे जे बदलतं ते सर्व्हरवर हवं. फोनने दर वेळी तिथून विचारून घ्यावं. आणि ऑर्डर पक्की करताना भाव पुन्हा सर्व्हरनेच लावावा, फोन सांगेल तो घेऊ नये.

दुसरा प्रसंग चाटी गल्लीतला. एका दुकानाचं गोदाम तळघरात आहे, तिथे रेंज जेमतेम. त्यांच्या मुलाने वीस डझनांची ऑर्डर भरली, ‘ऑर्डर पाठवा’ दाबलं, चक्र फिरत राहिलं. त्याने पुन्हा दाबलं. मग तिसऱ्यांदा. आमच्याकडे साठ डझन लागले. मी ॲप करणाऱ्याला म्हटलं, तुमचं ॲप तीन-तीनदा पाठवतंय. पण घडलं होतं वेगळंच. पहिलीच ऑर्डर आमच्या सर्व्हरवर पोचली, वहीत लिहिली गेली, आणि ‘मिळाली’ हा निरोप परतीच्या वाटेवर हरवला. रजिस्टर पत्र पोचलं, पण पोचपावती हरवली तर पाठवणाऱ्याला वाटतं पत्रच गेलं नाही, तसं. त्यावरचा उपाय मला फार आवडला. बटण दाबण्याआधीच फोन त्या ऑर्डरला एक वेगळा क्रमांक देतो. त्याच क्रमांकाची चिठ्ठी दुसऱ्यांदा आली तर मुनीम नवी नोंद करत नाही, ‘आधीच मिळाली’ असं कळवतो. तुमचं ॲप तयार होत असेल तर आजच विचारा: रेंज गेली आणि बटण दोनदा दाबलं तर काय होतं? उत्तर द्यायला समोरचा अडखळला तर तिथे काम बाकी आहे.

पैशाचंही हेच. यूपीआय २०१६ मध्ये आलं तेव्हापासून व्यापाऱ्यांना पैसे पाठवल्याचा स्क्रीन दाखवायची सवय आहे. फोनवरची हिरवी खूण म्हणजे पैसे आले असं नव्हे. पेमेंट गेटवे, म्हणजे ॲपमधून पैसे घेऊन आपल्यापर्यंत पोचवणारी सेवा, आपल्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो, सर्व्हर रक्कम आणि ऑर्डर जुळवतो, आणि मगच ऑर्डर ‘भरणा झाला’ या रकान्यात जावी. आमच्याकडे तो रकाना पाहिल्याशिवाय गाठ ट्रकवर चढत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पहिलं ॲप करून देणारा मुलगा हुशार होता, कामाला चोख होता. नंतर तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेला आणि त्याचे फोन लागेनात. तोवर ऑगस्ट आला. नव्या अँड्रॉइडला धरून ॲप सुधारून घ्या असा नियम गूगल दरवर्षी लावतं, मुदत साधारण ऑगस्टअखेरची असते. नाही केलं तर नवे फोन घेतलेल्या नव्या लोकांना ते ॲप स्टोअरवर सापडत नाही. सुधारणा करायला बसलो तेव्हा कळलं की प्ले स्टोअरचं खातं त्याच्या ईमेलवर आहे. सर्व्हरचं भाडं त्याच्या कार्डावरून जातंय. डोमेन, म्हणजे इंटरनेटवरचं आमचं नाव, त्याच्या नावावर आहे. सोर्स कोड, म्हणजे लिहिलेला मूळ प्रोग्राम, त्याच्या लॅपटॉपवर आहे. आमच्याकडे फक्त फोनवर बसवायची फाईल होती, ती एपीके. म्हणजे विणलेला टॉवेल आमच्या हातात, मागाचे पत्ते दुसऱ्याच्या घरी. टॉवेल पाहून पत्ते जसेच्या तसे परत पाडणं सोपं नसतं.

प्ले स्टोअरवर प्रत्येक ॲपला एक कायमचं नाव असतं, त्याला पॅकेज नेम म्हणतात. ते बदलता येत नाही आणि दुसऱ्याला घेता येत नाही. खातं हातात नसल्यामुळे आम्हाला नव्या नावाने नवं ॲप काढावं लागलं. मग मी एकेका व्यापाऱ्याला फोन केला: काका, जुनं काढून टाका, नवं घ्या. अकरा दिवस हेच चाललं. जुन्या ऑर्डरी वाचल्या, त्या केवळ दर महिन्याला मी त्यांची एक्सेल फाईल उतरवून ठेवायची म्हणून. ती सवय मला अप्पांच्या रोजमेळामुळे लागली होती.

म्हणून पहिला रुपया देण्याआधी या गोष्टी फर्मच्या नावावर, फर्मच्या ईमेलवर घ्या: प्ले स्टोअरचं खातं, आयफोनसाठी ॲपलचं खातं, सर्व्हर, डोमेन, पेमेंट गेटवे, एसएमएसची नोंदणी. करून देणाऱ्याला आत यायची परवानगी द्या, मालकी देऊ नका. कोड दर आठवड्याला आपल्या खात्यात जमा व्हायला हवा. ‘शेवटी देतो’ हे मान्य करू नका. भांडणाची गरज नाही, चांगली माणसं यात आनंदाने साथ देतात. आमचं दुसरं ॲप शहरातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेल्या एका मुलीने केलं. खाती कोणाच्या नावावर काढायची, हा तिचा पहिलाच प्रश्न होता.

खर्चाचं थोडक्यात. गूगल खातं उघडताना एकदाच २५ डॉलर घेतं, ॲपल दरवर्षी ९९ डॉलर. टॉवेल, चादर, शेंगा चटणी अशी हातात देण्याची वस्तू विकलीत तर स्टोअरला कमिशन द्यावं लागत नाही. ते डिजिटल मालावर असतं. सर्व्हरचं भाडं महिन्याला, डोमेनचं वर्षाला, एसएमएसचं नगावर. आणि दुरुस्तीचा करार वेगळा करा, कारण माग बसवून झाला म्हणून तो दुरुस्त ठेवणाऱ्या जॉबरचा पगार थांबत नाही.

ओटीपीचा एसएमएस पाठवणं हे मला सगळ्यात सोपं काम वाटलं होतं. भारतात त्यासाठी डीएलटी नावाची नोंदणी लागते: फर्मची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि संदेशाच्या मजकुराचीसुद्धा. मंजूर मजकुरात आम्ही ‘आपला’चं ‘तुमचा’ केलं, तर एसएमएस जाणंच बंद झालं. ही नोंदणी ॲप तयार व्हायच्या आधीच सुरू करा. स्टोअरवर ॲप तपासतात तेव्हा तपासणाऱ्यालाही लॉगिन करता आलं पाहिजे. आम्ही चाचणीचं लॉगिन दिलंच नव्हतं, ओटीपी त्यांच्याकडे पोचणार कसा? ॲप परत आलं, आठवडा गेला. खातं उघडता येणाऱ्या ॲपमध्ये खातं मिटवायची सोयही द्यावी लागते.

भाषेकडे लक्ष द्या. आमचे व्यापारी मराठी, कन्नड, तेलुगू बोलतात. कोणी ‘टॉवेल’ लिहितं, कोणी ‘टावेल’. शोधताना दोन्ही सापडायला हवेत, हे आम्ही मागून करून घेतलं. कागदावर सगळे स्क्रीन पेन्सिलीने काढून नवी पेठेतल्या एका दुकानदारांना दाखवले होते, तेव्हाच त्यांनी सांगितलं, ‘ताई, बेरीज मोठ्या अक्षरात द्या, मला चष्मा लागतो.’ एकही ओळ कोड लिहिण्याआधी झालेली ही सुधारणा मला सगळ्यात स्वस्त पडली.

ॲप प्रत्येकाला लागतंच असं मी म्हणणार नाही. गिऱ्हाईक वर्षातून दोनदाच येत असेल तर ते फोनवर ॲप ठेवत नाही. साधी वेबसाईट आणि व्हॉट्सॲपचा कॅटलॉग पुरतो. तेच गिऱ्हाईक आठवड्याला तोच माल मागत असेल तर ॲप करा.

गेल्या महिन्यात शाळेच्या गणवेशाचे एक कारखानदार काका माझ्याकडे आले. सुरुवात कुठून करू, असं विचारत होते. मी लॅपटॉप उघडला आणि प्ले स्टोअरच्या खात्याचा अर्ज काढला. वैयक्तिक नावाने नवं खातं काढलं तर ॲप खुलं करण्याआधी किमान १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या नावाने काढलं तर ती अट नाही, पण डन्स क्रमांक (फर्मची ओळख पटवणारा आंतरराष्ट्रीय क्रमांक) लागतो आणि कागदावरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. काकांच्या फर्मचं नाव जीएसटीच्या दाखल्यावर एक होतं आणि बँकेच्या पासबुकात शेवटी ‘अँड सन्स’ जोडलेलं होतं. अर्ज तसाच ठेवला आणि ते आधी बँकेत गेले.