फोल्डर समोर आहे, तरी पॅकेज सापडत नाही? गोमध्ये इम्पोर्ट करताना या चुका टाळा

फोल्डर आहे, फोल्डरात कोड आहे, एडिटरच्या डाव्या पट्टीत नावही दिसतंय. आणि गो या प्रोग्रामिंग भाषेची ‘गो बिल्ड’ ही आज्ञा म्हणते, असं पॅकेजच नाही (पॅकेज म्हणजे एका फोल्डरातला एकत्र धरला जाणारा कोड). मग माणूस काय काय करतो? फोल्डरचं नाव बदलतो, इम्पोर्टच्या ओळीत ठिपके आणि तिरक्या रेघा घालून बघतो, कॅश उडवतो, शेवटी मशीन रीस्टार्ट करतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

घोळ होतो तो एका गैरसमजामुळे. इम्पोर्टची ओळ म्हणजे फाइलचा रस्ता, असं आपण धरून चालतो. नोड किंवा पीएचपीकडून आलेल्याला तसं वाटणं साहजिकच आहे. पण गोमध्ये त्या ओळीच्या सुरुवातीला मॉड्यूलचं, म्हणजे एका गो.मॉड फाइलखाली येणाऱ्या पॅकेजच्या संचाचं, नाव असतं आणि पुढे त्या मॉड्यूलच्या आतल्या फोल्डरची वाट. गो डिस्कभर हुडकत फिरत नाही, ते नाव जुळवतं. त्यामुळे एरर आली की ‘फाइल कुठे आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवा. ‘ही ओळ कोणत्या मॉड्यूलच्या नावाने सुरू होते’ हे आधी विचारा.

(आज्ञा आणि एरर मी इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये त्या रोमनमध्येच टाइप करायच्या, हे सांगायला नको.)

गो जुळवतं कसं

समजा तुमच्या गो.मॉड फाइलची पहिली ओळ ‘मॉड्यूल एग्झाम्पल.कॉम/हिशेब’ अशी आहे आणि आत ‘कर’ नावाचं फोल्डर आहे. त्याची इम्पोर्टची ओळ ‘एग्झाम्पल.कॉम/हिशेब/कर’. गो बघतं की ही वाट चालू मॉड्यूलच्या नावाने सुरू होते. मग उरलेला ‘कर’ हा तुकडा गो.मॉड जिथे आहे तिथून खाली मोजायचा. वाट दुसऱ्या नावाने सुरू होत असेल, तर गो.मॉडमधल्या रिक्वायरच्या यादीत ते नाव शोधायचं आणि ठरलेल्या आवृत्तीचा कोड मॉड्यूल कॅशमधून उचलायचा. ही कॅश गोपाथ या गोच्या कामाच्या फोल्डराखाली पीकेजी/मॉड या फोल्डरात असते. गोपाथ बदलला नसेल तर तुमच्या होम डिरेक्टरीतल्या ‘गो’ फोल्डरात सापडेल.

आणि पहिल्या तिरक्या रेघेआधी टिंब नसेलच तर? अशी नावं गोने स्वतःच्या स्टँडर्ड लायब्ररीसाठी राखून ठेवली आहेत. म्हणून कोणी नुसतं ‘कर’ किंवा ‘युटिल्स/कर’ असं इम्पोर्ट केलं की जुन्या आवृत्त्या ‘इज नॉट इन गोरूट’ म्हणायच्या, नव्या ‘इज नॉट इन एसटीडी’ म्हणतात (गोरूट म्हणजे गो जिथे इन्स्टॉल आहे ते फोल्डर, एसटीडी म्हणजे स्टँडर्ड लायब्ररी). हे वाचून लोक गो पुन्हा इन्स्टॉल करतात. गोचं इन्स्टॉलेशन ठणठणीत असतं. तुम्ही मॉड्यूलचं नाव लिहायला विसरलात, एवढंच त्याला सांगायचं आहे.

‘./कर’ असा सापेक्ष रस्ता मॉड्यूल मोडमध्ये, म्हणजे गो.मॉडनुसार चालण्याच्या आजच्या पद्धतीत, चालतच नाही. गो ते स्पष्ट शब्दांत सांगतं, तरी लोक पुढच्या वेळी ‘../कर’ टाकून बघतात.

एरर गप्प करण्यासाठी गो मॉड इनिट

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून जरा सविस्तर. एका प्रोजेक्टमध्ये ‘कर’ फोल्डरात उभा राहून मी काहीतरी चालवत होतो, एरर येत होती, आणि कुठेतरी वाचलेलं आठवलं की ‘गो मॉड इनिट करा’ (ही आज्ञा चालू फोल्डरात नवी गो.मॉड बनवते). केलं. एरर गेली. अर्ध्या तासाने बाहेरचा मुख्य प्रोग्राम बिल्ड केला तर तो म्हणतो, ‘नो रिक्वायर्ड मॉड्यूल प्रोव्हाइड्स पॅकेज एग्झाम्पल.कॉम/हिशेब/कर’. सकाळपर्यंत हेच पॅकेज व्यवस्थित चालत होतं.

झालं असं होतं: ज्या फोल्डरात स्वतःची गो.मॉड असते ते फोल्डर बाहेरच्या मॉड्यूलमधून वेगळं निघतं. त्याच्या खालचं सगळं झाडही त्याच्याबरोबर जातं. बाहेरून ‘गो बिल्ड ./कर’ म्हटलं तर ‘मेन मॉड्यूल डझ नॉट कन्टेन पॅकेज’ अशी एरर येते. त्याहून वाईट म्हणजे ‘गो टेस्ट ./...’ त्या फोल्डरात शिरतच नाही. त्याबद्दल एक अवाक्षर काढत नाही. टेस्ट हिरव्या दिसतात, कारण त्या चाललेल्याच नसतात. उपाय सोपा, आतली गो.मॉड आणि गो.सम (आणलेल्या कोडची चेकसम, म्हणजे पडताळणीची खूण, ठेवणारी फाइल) उडवायची. गो.मॉड साधारणपणे रिपॉझिटरीच्या मुळाशी एकच असावी. एकापेक्षा जास्त हव्या असतील तर त्यामागे ठोस कारण असावं.

याचीच उलट बाजू होम डिरेक्टरीत सापडते. गो चालू फोल्डरात गो.मॉड शोधतं, नसेल तर एकेक पायरी वर चढत जातं. कधीकाळी होममध्येच गो मॉड इनिट केलं असेल, तर पुढे होमखालचं प्रत्येक नवं फोल्डर त्याच मॉड्यूलचं समजलं जातं आणि इम्पोर्टच्या वाटा भलत्याच होतात. दोन्ही बाबतींत एक आज्ञा पुरते: ‘गो ईएनव्ही गोमॉड’. कोणती गो.मॉड धरली आहे त्याचा पूर्ण रस्ता ती छापते. लिनक्स किंवा मॅकवर ‘/डेव्ह/नल’ आलं तर मॉड्यूल मोड चालू आहे पण गो.मॉड सापडलेली नाही. काहीच छापलं नाही तर मॉड्यूल मोडच बंद आहे.

बंद कोणी केला? बहुधा एखाद्या जुन्या ट्युटोरियलने. मॉड्यूल आले गो १.११ बरोबर, ऑगस्ट २०१८ मध्ये. त्याआधी सगळा कोड गोपाथच्या एसआरसी फोल्डरातच ठेवावा लागे. फेब्रुवारी २०२१ च्या १.१६ पासून मॉड्यूल मोड आपोआप चालू असतो. मधल्या काळातल्या लेखांत ‘गो१११मॉड्यूल’ हे सेटिंग ऑफ करायला सांगितलेलं असे, आणि ते ‘गो ईएनव्ही -डब्ल्यू’ने केलं असेल तर कायमचं लिहून ठेवलं जातं. टर्मिनल बंद करून काही होत नाही. ‘गो ईएनव्ही -यू’ने ते काढा. गो १.२३ किंवा पुढची आवृत्ती असेल तर ‘गो ईएनव्ही -चेंज्ड’ मूळ किमतीपासून बदललेली सगळी सेटिंग दाखवते. दुसऱ्याच्या मशीनवर अडचण बघायला बसलो की मी पहिल्यांदा हीच आज्ञा देतो.

एरर नाही, पण भलतीच आवृत्ती

गोमध्ये मेजर आवृत्ती (आवृत्तीचा पहिला आकडा) २ किंवा पुढची असेल तर ती मॉड्यूलच्या नावाचाच भाग असते: शेवटी ‘/व्ही२’, ‘/व्ही३’ असं लिहावं लागतं. नियम एका ओळीचा आहे, त्रास मात्र भरपूर.

जेडब्ल्यूटी (लॉगिनची ओळख पटवणाऱ्या) टोकनसाठी गोलँग-जेडब्ल्यूटी ही लायब्ररी बरेच जण वापरतात. तिचं डॉक्युमेंटेशन उघडलं की उदाहरणात ‘जेडब्ल्यूटी.रजिस्टर्डक्लेम्स’ दिसतं. तुम्ही रिपॉझिटरीचा पत्ता ब्राउझरमधून कॉपी करता, ‘गो गेट’ करता, ते यशस्वी होतं. बिल्ड केलं की ‘अनडिफाइन्ड: जेडब्ल्यूटी.रजिस्टर्डक्लेम्स’. गो.मॉडमध्ये बघा. तिथे ‘व्ही३.२.२+इनकम्पॅटिबल’ बसलेलं असेल. पत्त्याच्या शेवटी ‘/व्ही५’ नसल्यामुळे गोने त्या नावाखाली जी सगळ्यांत नवी आवृत्ती मिळते ती आणली, आणि त्या नावाची मालिका व्ही३ पाशी संपते. गोच्या दृष्टीने व्ही५ हे वेगळंच मॉड्यूल आहे. ‘ॲट लेटेस्ट’ कितीही वेळा लिहिलं तरी ते मिळणार नाही.

म्हणून इम्पोर्टची वाट ब्राउझरच्या पत्त्यावरून घेऊ नये. लायब्ररीच्या गो.मॉडची पहिली ओळ उघडा आणि तिथलं नाव जसंच्या तसं उचला. गो.मॉडमध्ये ‘+इनकम्पॅटिबल’ शब्द दिसला की मी थांबून बघतो. कधी तो बरोबर असतो, पण कधी तुम्ही अनेक वर्षं जुना कोड ओढून आणलेला असतो.

याचं पुढचं रूप असं: प्रोजेक्टच्या एका फाइलमध्ये /व्ही४, दुसरीत /व्ही५. दोन्ही बिनबोभाट उतरतात. मग एकीकडचा टोकन दुसरीकडच्या फंक्शनला दिला की कंपायलर म्हणतो टाइप जुळत नाही, आणि छापलेली दोन्ही नावं सारखीच वाटतात. पूर्ण वाट नीट वाचली तर तेवढा एक आकडा वेगळा असतो.

लायब्ररी तुमची असेल आणि तुम्ही व्ही२ चा टॅग (गिटमधली आवृत्तीची खूण) टाकला, पण गो.मॉडच्या पहिल्या ओळीत /व्ही२ जोडायला विसरलात, तर वापरणाऱ्याला ‘इनव्हॅलिड व्हर्जन’ मिळतं. टॅग टाकण्याआधी ती ओळ आणि लायब्ररीच्या आतले सगळे इम्पोर्ट दोन्ही बदलावे लागतात. दुसरा भाग लोक हमखास विसरतात.

पॅकेजचं नाव आणि फोल्डरचं नाव

इम्पोर्ट होतं ते फोल्डर, कोडमध्ये वापरायचं नाव मात्र फाइलच्या डोक्यावरच्या पॅकेजच्या ओळीतून येतं. दोन्ही एकच असावीत असा फक्त रिवाज आहे. ‘गोपीकेजी.इन/यामल.व्ही३’ इम्पोर्ट करता, वापरता ‘यामल’. नाव कुठून आलं हे कळत नसेल तर इम्पोर्टच्या ओळीत वाटेच्या आधी स्वतःच टोपणनाव लिहावं.

एका फोल्डरात मात्र एकच पॅकेज. अपवाद फक्त ‘_टेस्ट’ लावलेल्या बाहेरच्या टेस्ट पॅकेजचा. ‘पटकन बघू’ म्हणून पॅकेज मेन असलेली एक फाइल त्याच फोल्डरात टाकली की ‘फाउंड पॅकेजेस’ म्हणून दोन नावं समोर येतात. ती फाइल वेगळ्या फोल्डरात न्या.

फाइल आहे, पण गो ती वाचत नाही

मला सगळ्यांत मजेशीर वाटणारी चूक ही. एकाने जावास्क्रिप्टसाठी डेटा तयार करणारं फंक्शन ‘चार्ट_जेएस.गो’ या फाइलमध्ये लिहिलं. फंक्शन समोर दिसतंय, बिल्ड म्हणतं अनडिफाइन्ड. स्पेलिंग तपासून डोळे दुखले. फाइलच्या नावाशेवटी अंडरस्कोर आणि एखाद्या ऑपरेटिंग सिस्टीमचं किंवा प्रोसेसरचं नाव असेल, तर गो ती फाइल फक्त त्याच प्लॅटफॉर्मसाठी घेतं. ‘जेएस’ हे गोच्या यादीतलं अशा एका प्लॅटफॉर्मचं नाव आहे. ‘_विंडोज’, ‘_लिनक्स’, ‘_एआरएम’ यांचंही तेच. फोल्डरातल्या सगळ्याच फाइली अशा गळाल्या तर ‘बिल्ड कन्स्ट्रेंट्स एक्सक्लूड ऑल गो फाइल्स’ अशी एरर येते, आणि ती तरी उलगडते. एकच फाइल गळाली तर गो काहीच बोलत नाही.

टिंबाने किंवा अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या फाइलीही गो सोडून देतं, आणि ‘./...’ लिहिलं की तशी फोल्डरं व ‘टेस्टडेटा’ नावाचं फोल्डर वगळतं.

‘इंटर्नल’ फोल्डरातलं पॅकेज त्या फोल्डरच्या पालकाखालच्या कोडलाच इम्पोर्ट करता येतं. याला पळवाट नाही, शोधू नका.

नावातलं लहान-मोठं अक्षरही गोसाठी वेगळं असतं. लॉगरस या लॉगिंग लायब्ररीच्या पत्त्यातलं मालकाच्या खात्याचं पहिलं अक्षर कॅपिटलचं स्मॉल झालं, तेव्हा अर्ध्या अवलंबी लायब्ररी जुन्या नावाने आणि अर्ध्या नव्या नावाने मागणी करत राहिल्या. त्यामुळे असंख्य प्रोजेक्टांचे बिल्ड अडले. अशा वेळी ‘गो मॉड व्हाय -एम’ आणि मॉड्यूलचं नाव दिलं, की जुनं नाव कोणाच्या वाटेने आत आलं ते कळतं.

खासगी रिपॉझिटरी आणि प्रॉक्सी

गो १.१३ पासून मॉड्यूल सहसा थेट रिपॉझिटरीतून येत नाहीत. आधी गोच्या सार्वजनिक प्रॉक्सीला विचारलं जातं आणि आलेल्या कोडची चेकसम सार्वजनिक नोंदीशी ताडली जाते. तुमचा खासगी कोड त्या दोघांनाही दिसत नाही, म्हणून ४०४ किंवा ४१० (‘सापडलं नाही’ अशी एरर) येतं. ‘गोप्रायव्हेट’ या सेटिंगमध्ये तुमच्या डोमेनचं किंवा खात्याचं नाव घातलं की गो त्या नावांसाठी दोघांनाही बगल देतं. त्यानंतर ‘टर्मिनल प्रॉम्प्ट्स डिसेबल्ड’ आलं तर तो प्रश्न गिटच्या लॉगिनचा आहे, गोचा नाही. गो एचटीटीपीएसने जातं, तुमची किल्ली एसएसएचची असते. गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘इन्स्टेडऑफ’ लिहून तो सांधा जोडावा लागतो.

‘चेकसम मिसमॅच’ आलं की गो.सम उडवून मोकळं होऊ नका. आमच्या एका टीमने छोटीशी दुरुस्ती करून तोच टॅग नव्या कमिटवर सरकवला होता. ज्यांच्या कॅशमध्ये जुना कोड होता त्यांचा बिल्ड चालला, नव्या मशीनचा पडला. आणि ज्यांनी गो.सम उडवली त्यांचं काम झालं खरं, पण मग एकाच आवृत्तीच्या नावाखाली दोन वेगळे कोड फिरत राहिले. एकदा बाहेर गेलेला टॅग हलवायचा नाही, पुढचा आकडा लावायचा. आधीची आवृत्ती चुकीची असेल तर गो.मॉडमध्ये ‘रिट्रॅक्ट’ लिहायची सोय आहे.

माझ्या मशीनवर चालतंय

रिप्लेसच्या ओळीने एखादं मॉड्यूल शेजारच्या फोल्डराकडे वळवता येतं. पण रिप्लेस फक्त मुख्य मॉड्यूलच्या गो.मॉडमधलाच मानला जातो. तुमची लायब्ररी दुसऱ्याने वापरली की तिच्यातले रिप्लेस गळून पडतात. आणि ‘../हिशेब’सारखी ओळ चुकून कमिट झाली तर सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या) मशीनवर ते शेजारचं फोल्डरच नसतं.

म्हणून गो १.१८ मध्ये गो.वर्क ही वेगळी फाइल आली. स्थानिक जोडण्या तिच्यात लिहायच्या आणि ती सहसा कमिट करायची नाही. तिची खोड गो.मॉडसारखीच: गो तिला वर वर चढून शोधतं. मागे माझा बिल्ड इथे चालत होता आणि सीआयवर ‘नो रिक्वायर्ड मॉड्यूल प्रोव्हाइड्स पॅकेज’ म्हणून पडत होता. गो.मॉड दहादा वाचली, तिच्यात ते मॉड्यूल खरंच नव्हतं. मग माझ्याकडे चालतंय कसं? ‘गो ईएनव्ही गोवर्क’ छापून बघितलं. प्रोजेक्टच्या दोन पायऱ्या वर, सगळे प्रोजेक्ट ज्यात ठेवतो त्या फोल्डरात, कित्येक महिन्यांपूर्वी कशाची तरी चाचणी करताना बनवलेली गो.वर्क बसली होती. ‘गोवर्क=ऑफ’ लावून बिल्ड केला आणि सीआयवरची एरर पहिल्यांदा माझ्या पडद्यावर आली. ‘गो गेट’ची एक ओळ, आणि काम झालं.