बारावी बिघडली, तरी एमबीबीएस करायचंय? या चुका टाळा

बारावीला एखादा विषय राहिला, पीसीबीचे (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) गुण जेमतेम आले किंवा मध्ये दोन-तीन वर्षांचा गॅप पडला, की घरात कोणीतरी म्हणतंच, "आता मेडिकलचं विसर." मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. हे वाक्य मनावर घेऊन नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, फॉर्मच न भरलेली मुलं मी पाहिली आहेत. उलट, नीटला चांगले गुण आणूनही कागदपत्रं तपासायच्या टेबलावरून परत आलेली मुलंही पाहिली आहेत. जुना निकाल कुठे मोजला जातो आणि कुठे अजिबात मोजला जात नाही, हे दोन्हीकडे कोणी नीट सांगितलेलं नव्हतं.

आपल्याकडे एमबीबीएसची गुणवत्ता यादी फक्त नीटच्या गुणांवर लागते. मुलाखत नाही, निबंध नाही, 'अकरावीत काय झालं होतं' असं विचारणारं कोणी नाही. बारावीला ९२ टक्के मिळालेली मुलगी आणि दुसऱ्या प्रयत्नात ५६ टक्क्यांनी सुटलेला मुलगा यांना नीटमध्ये सारखे गुण पडले, तर बरोबरी सोडवायला आधी नीटमधले जीवशास्त्राचे गुण बघतात, बारावीची टक्केवारी नाही. बारावीचं काम उंबरठ्याचं आहे. तो ओलांडला की ती मागे राहते, पण ओलांडावा मात्र लागतोच. बहुतेक नुकसान याच ठिकाणी होतं.

एकूण टक्केवारी बघून निश्चिंत होणं

राज्यातले प्रवेश करणाऱ्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेत अट असते ती भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांच्या बेरजेची. खुल्या गटाला ५० टक्के, मागासवर्गीयांना ४०, खुल्या गटातल्या दिव्यांगांना ४५. शिवाय इंग्रजीत पास असणं आवश्यक आहे.

गुणपत्रिका समोर ठेवून हिशोब करा. समजा फिजिक्स ३८, केमिस्ट्री ४४, बायोलॉजी ६६. तिन्हींत पास. मराठी आणि पर्यावरण धरून एकूण टक्केवारी ५८ वगैरे दिसते, घरात पेढेही वाटून झालेले असतात. पण बेरीज होते १४८. खुल्या गटाला ३०० पैकी १५० लागतात. मग हा विद्यार्थी नीटला ५५० गुण घेऊन आला तरी त्या वर्षी त्याला प्रवेश नाही. पास व्हायला प्रत्येक विषयात ३५ पुरतात, मेडिकलला पुरत नाहीत, एवढा साधा फरक कित्येक घरांत ऑगस्टमध्ये कळतो. तो मे महिन्यात कळायला हवा.

दोन-चार गुण कमी पडत असतील तर निकाल लागल्या लागल्या मंडळाकडे उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागा. नुसत्या गुणपडताळणीत बेरजेच्या आणि नोंदीच्या चुका तेवढ्या बघतात. पुनर्मूल्यांकनासाठी आधी छायाप्रत घ्यावी लागते आणि ती हातात आल्यापासून अर्जाला दिवस मोजकेच असतात. ती प्रत विषयाच्या शिक्षकांना दाखवा. एखादं आकृतीचं उत्तर तपासायचं राहिलंय का, उपप्रश्नाला शून्य पडलंय का, हे त्यांना लगेच दिसतं. गुण कमीही होऊ शकतात, म्हणून 'बघू या टाकून' म्हणत अर्ज करू नका.

त्यानं भागलं नाही तर श्रेणीसुधाराचा, म्हणजे पास झाल्यावरही गुण वाढवायला पुन्हा परीक्षा देण्याचा, मार्ग आहे. पण ही सोय सगळे विषय घेऊन पहिल्यांदाच पास झालेल्यांसाठी असते, आणि संधी लगतच्या परीक्षांमध्येच घ्यावी लागते. 'आधी नीट काढतो, मग बारावी सुधारतो' म्हणणाऱ्यांची संधी निघून जाते. एखादा विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षेला बसा, पण तयारी ३५ ची करू नका. तिथेही डोळ्यासमोर १५० ची किंवा १२० ची बेरीजच हवी.

आता एक गोष्ट, जी मागासवर्गीय मुलांच्या पालकांना कोणी सांगत नाही. पीसीबीत १३० गुण असलेला विद्यार्थी ४० टक्क्यांच्या सवलतीमुळे पात्र ठरतो. जात वैधता प्रमाणपत्र वेळेत हातात नसेल आणि त्याला खुल्या गटात टाकलं, तर त्याची नुसती राखीव जागा जात नाही, पात्रताच जाते. चांगल्या गुणांच्या मुलाला व्हॅलिडिटी उशिरा मिळाली तर त्याचं कॉलेज बदलतं. कमी गुणांच्या मुलाचं अख्खं वर्ष जातं. त्यामुळे बारावी सुरू असतानाच पडताळणी समितीकडे अर्ज गेलेला असावा. नॉन क्रिमी लेयर त्या वर्षी चालू आहे का, तेही बघा. ईडब्ल्यूएसवाल्यांनी (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) लक्षात ठेवावं, त्यांना जागांमध्ये आरक्षण आहे, बारावीच्या टक्क्यांत सवलत नाही. अट ५० चीच.

'आता वय गेलं' असं धरून बसणं

नीट किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. वयाची वरची अट २०२२ मध्ये काढून टाकली आहे. बी.एस्सी. अर्धवट सोडलेले, डी.फार्म. करून दुकानात उभे असलेले, लग्नानंतर पुन्हा अभ्यासाला बसलेल्या मुली, सगळ्यांना परीक्षा देता येते. अमुक प्रयत्नांनंतर बंदी येते वगैरे गावभर फिरणाऱ्या गोष्टींवर वर्ष घालवू नका.

बायोलॉजी नव्हती म्हणून मेडिकलचा विचार सोडून देणं

अकरावीत गणित आणि कॉम्प्युटर सायन्स घेतलं, दोन वर्षं रडतरखडत काढली आणि मग कळलं की आपला कल इकडे नव्हताच. अशी मुलं कमी नाहीत. पूर्वी त्यांना दार बंद होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं जाहीर केलं, की बारावी झाल्यानंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून जीवशास्त्र अतिरिक्त विषय म्हणून पास झालेला विद्यार्थीही नीटला चालेल. पण विषय नुसता नावाला काढू नका. बेरजेत हेच गुण धरले जाणार आहेत, आणि नीटमध्ये १८० पैकी ९० प्रश्न जीवशास्त्राचे असतात. विषय कोणत्या मंडळाकडून देताय, हे ठरवायच्या आधी पुढचा मुद्दा वाचा.

बारावी परराज्यातून करणं

माझ्या मते ही सगळ्यांत महागात पडणारी चूक आहे, आणि ती करतात सगळ्यांत जास्त धडपड करणारे पालक. दहावी बरी गेली नाही म्हणून मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला पाठवतात, तिथल्याच शाळेत अकरावी-बारावीला नाव घालतात. महाराष्ट्रातल्या ८५ टक्के राज्य कोट्यासाठी डोमिसाइल लागतं, आणि सर्वसाधारणपणे दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेल्या लागतात. केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्यांची मुलं, सीमाभागातली मुलं अशांना अपवाद आहेत, पण अपवादात आपण बसतो का, हे नाव घालायच्या आधी तपासायचं. नाहीतर सरकारी जागांसाठी मुख्यतः हातात उरतो तो १५ टक्के अखिल भारतीय कोटा, आणि जेमतेम गुणांच्या मुलाला तो सगळ्यांत अवघड.

बारावी इथे पास झाल्यावर रिपीटर म्हणून बाहेरच्या क्लासला जायला हरकत नाही. त्यानं राज्य कोट्याला धक्का लागत नाही.

गॅप लपवणं

गॅपची लाज वाटून मुलं प्रतिज्ञापत्रात काहीतरी भलतंच लिहितात. प्रवेशाच्या फाइलमध्ये गॅपचं प्रतिज्ञापत्र हा नेहमीचा कागद आहे. 'या काळात घरी राहून नीटची तयारी केली' हे खरं असेल तर तेवढंच लिहा. आजारपण होतं, घरची शेती बघितली, तर ते लिहा. कोणी भुवया उंचावत नाही.

अडचण येते ती अर्धसत्यामुळे. मधल्या वर्षात बी.एस्सी.ला किंवा बी.फार्म.ला प्रवेश घेतला, सहा महिने गेला, एटीकेटी लागली, कॉलेज सोडलं, आणि प्रतिज्ञापत्रात लिहिलं 'कुठेही प्रवेश घेतला नव्हता'. पण टीसी त्याच कॉलेजची असते, नाहीतर मूळ गुणपत्रिका अजून तिथेच अडकलेली असते. प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी पाचच्या आत मूळ कागद हजर करायचे असताना जुन्या कॉलेजचा क्लार्क रजेवर निघतो. तो धावपळीचा दिवस टाळायचा असेल तर नीट दिल्यानंतर निकालाची वाट न बघता मे महिन्यातच जुन्या कॉलेजची थकलेली फी मिटवा, अर्ज द्या आणि मूळ कागद घरी आणून ठेवा.

त्याच आठवड्यात सगळ्या कागदांवरचं नाव एकदा शेजारी शेजारी ठेवून वाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, जातीच्या दाखल्यावर आजोबांचं आडनाव. परीक्षा दोनदा दिलेल्यांकडे गुणपत्रिकाही दोन असतात. त्या दोन्ही, मूळ आणि झेरॉक्स, फाइलला लावा.

तेच वर्ष पुन्हा तसंच काढणं

ड्रॉप घेतला की क्लास बदलायचा, हॉस्टेल बदलायचं, लातूर नाहीतर नांदेड गाठायचं, असं ठरलेलं असतं. मागच्या वेळी नक्की काय चुकलं, हे मात्र कोणी कागदावर काढत नाही. नीट घेणारी संस्था एनटीए परीक्षेनंतर ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) प्रत आणि उत्तरसूची उपलब्ध करते. ती उतरवून घ्या आणि तीन रकाने करा: बरोबर, चूक, सोडलेले. समजा १०० बरोबर, ७० चूक, १० सोडलेले. गुण झाले ३३०. त्या ७० पैकी ४० निव्वळ अंदाजाचे होते आणि ते कोरे सोडले असते, तर अभ्यास तेवढाच राहून ३७० झाले असते. हे बघितल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जो उजेड पडतो, तो कुठल्याही भाषणानं पडत नाही. नंतर चुकलेले प्रश्न धड्यानुसार लावा. बहुतेक वेळा निम्मे अकरावीचे निघतात, कारण अकरावी 'आरामाचं वर्ष' म्हणून गेलेली असते. फिजिक्सची भीतीही अनेकदा अकरावीच्या यांत्रिकीतच अडकलेली असते.

आणि मागचं अपयश अभ्यासामुळे नव्हतंच असंही असतं. घरातला मृत्यू, वडिलांचं कर्ज, झोप उडवणारं नैराश्य. ते तसंच ठेवून मुलाला पुन्हा दहा बाय दहाच्या खोलीत कोंडलं तर निकाल बदलणार नाही. आधी त्यावर उपचार करा. १४४१६ या टेली मानसच्या नंबरवर मराठीतही बोलता येतं, पैसे लागत नाहीत. पालकांनी स्वतः फोन करून विचारलं तरी चालतं. पुढचा अभ्यास याहून हलका नाही. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला चारच प्रयत्न मिळतात.

'क्वालिफाय झाला' म्हणजे जागा मिळाली असं समजणं

२०२५ ला खुल्या गटाची नीटची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांना होती. एवढ्या गुणांवर सरकारी एमबीबीएस मिळत नाही, कुठेच नाही. पात्रता म्हणजे फक्त कॅप राउंडला, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीला, बसायची परवानगी. ही पात्रता पन्नास पर्सेंटाइलची, म्हणजे परीक्षा दिलेल्या निम्म्या मुलांच्या पुढे असण्याची; पन्नास टक्के गुणांची नव्हे, हेही पालकांना समजावून सांगावं लागतं.

आणि नेमक्या याच गुणांच्या मुलांच्या घरी एजंटचे फोन येतात. जुना निकाल कच्चा असलेलं घर घाबरलेलं असतं, हे त्यांना पक्कं माहीत असतं. 'नीटशिवाय मॅनेजमेंट कोट्यातून करून देतो' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. खासगी कॉलेजातल्या जागाही नीट आणि कॅपमधूनच भरतात. 'परदेशात बारावीचं कोणी बघत नाही' असं कोणी म्हणालं, तर तिथलं विद्यापीठ बघत नसेलही, भारतात परतल्यावर इथला आयोग बघतो. परदेशी जायलाही नीट पात्र असावं लागतं, तो निकाल तीन वर्षं चालतो. २०२१ च्या नियमांनुसार अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा आणि वर पूर्ण एक वर्षाची इंटर्नशिप तिथेच झालेली हवी. परत आल्यावर एफएमजीई ही परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची परीक्षा, पास व्हायला ३०० पैकी १५० गुण. बहुतेक सत्रांत तिथे पास होणाऱ्यांपेक्षा नापास होणारे कितीतरी जास्त असतात. एजंटला या चार गोष्टी एकेक करून विचारा आणि विद्यापीठाच्या पत्रावर लेखी मागा. जो लेखी देत नाही, त्याला टोकन म्हणून पाच हजारही देऊ नका.

बीएएमएस, बीएचएमएसची वाट याच नीटमधून जाते, बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी वेगळी आहे. मन तिकडे असेल तर वेळेत फॉर्म भरा. पण 'पुढच्या वर्षी पुन्हा एमबीबीएसला बसणारच' असं मनात असताना शेवटच्या फेऱ्यांमध्ये उगाच जागा अडवू नका. स्ट्रे राउंडला (उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीला) मिळालेली जागा सोडली तर डिपॉझिट जातं, आणि अखिल भारतीय कोट्यात पुढच्या वर्षासाठी बाद करण्याचीही तरतूद आहे. पसंतीक्रम भरायला बसाल तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका शेजारी उघडी ठेवा, गेल्या वर्षीची नको. नियम दरवर्षी थोडे सरकतात, आणि जेमतेम पात्र असलेल्या मुलाला तो थोडासा फरकच आत घेतो नाहीतर बाहेर ठेवतो.