पऱ्हाटीवर मुंगळे चढले? आधी पान उलटून बघा

श्रावणात आठवडाभर ढगाळ, दमट हवा राहिली की पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, शेंड्याकडे मुंगळ्यांची रांग लागते. रांग दिसली म्हणजे वर बहुधा मावा असतो. मुंगळे कपाशी खात नाहीत. मावा रस शोषून जो गोड चिकटा टाकतो, तो चाटायला जातात. त्या बदल्यात माव्याची राखणही करतात, मावा खाणारा ढालकिडा (लेडीबर्ड) जवळ आला तर हुसकावून लावतात. पुढे चिकट्यावर काळी बुरशी धरते.

हात लगेच पंपाकडे जातो. जरा थांबा. पानामागे काळी, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी अळी फिरताना दिसेल. तिला कीड समजून चिरडणारे दरवर्षी भेटतात. ती ढालकिड्याची अळी. मावा हेच तिचं खाणं. केसाएवढ्या दांडीवर टेकलेलं पांढरं अंडं क्रायसोपाचं, तोही मावा खाणारा मित्रकीटक. एखादा मावा फुगून तपकिरी झालाय, पाठीला गोल भोक आहे? त्याच्या पोटात वाढलेली इवलीशी गांधीलमाशी उडून गेली.

मित्रकीटक थोडे उशिराच वाढतात, कारण आधी त्यांना खायला हवं. माव्याची मादी मात्र नराशिवाय थेट पिल्लंच घालते. म्हणून सरसकट फवाऱ्यात दोघंही मेले तरी आधी परततो तो मावा, आणि तेव्हा त्याला खाणारं कुणी उरलेलं नसतं.

तेव्हा मोजा. एकरी २० झाडं, प्रत्येकाचं वरचं, मधलं, खालचं पान. सरासरी दर पानाला १० मावा किंवा २ ते ३ तुडतुडे (हीही रस शोषणारी कीड) भरले, तरच फवारणीचा विचार करा. त्याखाली ५ टक्के निंबोळी अर्क पुरतो: ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्यातून गाळा, २०० ग्रॅम साबणचुरा घालून एकूण १०० लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. पातळी ओलांडलीच तर शिफारशीतलं औषध घ्या, पण सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक इतक्या लवकर नको. पांढरी माशी उसळते.

धुऱ्यालगत चवळीची ओळ असेल तर तिच्यावरचा काळा मावा बघून घाबरू नका, आणि पंप तिकडे वळवू तर अजिबात नका. आम्ही एकदा ती ओळ ‘स्वच्छ’ केली होती. ढालकिडे तिथेच पोसून कपाशीत उतरत होते, हे पंधरा दिवसांनी कपाशीचे शेंडे आकसल्यावर कळलं.