मोटरहोमची देखभाल स्वतः करायची की गॅरेजला द्यायची? या चुका टाळा

पहिल्या सर्व्हिसिंगचं बिल हातात पडलं की प्रत्येक मोटरहोमवाल्याच्या, म्हणजे चाकांवरचं घर बाळगणाऱ्याच्या, मनात येतं, यातलं निम्मं तर मीच केलं असतं. काही जण त्याच रात्री पाने-पकडींचा भलामोठा सेट मागवतात. काही जण उलटे, साधा दिवा बदलायलाही गाडी घेऊन निघतात. दोघंही एकच चुकीचा प्रश्न विचारत असतात: मला हे जमेल का?

जमतं बरंच काही. विचारायचं ते असं, की काम बिघडलं तर मला कधी कळेल? पाण्याचा पंप चुकीचा जोडला तर नळ उघडताच कळतं, फार तर फरशी पुसावी लागते. ब्रेकची नळी नीट आवळली नाही तर ते घाटाच्या उतारावर कळतं. पहिल्या प्रकारची कामं खुशाल अंगावर घ्या, दुसऱ्या प्रकारची देऊन टाका.

चूक: अख्ख्या गाडीला एकच न्याय

खाली गाडी आणि वर घर, अशी ही दोन यंत्रं एकावर एक बसवलेली असतात. इंजिनात वाकबगार असलेला मेकॅनिक वरच्या गॅस हीटरपुढे चाचपडू शकतो. म्हणून ‘गॅरेजला देऊ’ एवढं ठरवून भागत नाही, कुठलं काम कोणाला, हेही ठरवावं लागतं.

चूक: किलोमीटर मोजत बसणं

ही गाडी धावते कमी, उभी जास्त राहते. त्यामुळे तिला वय मारतं. इंजिन ऑइल कमी चाललं तरी साधारण वर्षाने बदलतात. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, म्हणून बहुतेक कंपन्या ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. टायरची नक्षी कोरी करकरीत दिसत असते आणि आतलं रबर म्हातारं झालेलं असतं. टायरच्या बाजूवर डीओटी अक्षरांपुढच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. सहा-सात वर्षं उलटली की जाणकाराला दाखवा. तारीख वाचणं तुमचं काम, टायर बदलणं टायरवाल्याचं.

चूक: छपराकडे न बघणं, किंवा बघून सिलिकॉन थापणं

मोटरहोम इंजिनाने कमी आणि ओलीने जास्त मरतं, असं माझं ठाम मत आहे. आणि नेमकं हेच काम मालकाने स्वतः करण्यासारखं आहे, कारण त्याला कौशल्यापेक्षा चिकाटी लागते.

दर सहा महिन्यांनी वर बघा. छपरावर माणसाचं वजन चालतं का, हे आधी पुस्तिकेत पाहा, नाहीतर शिडीवरूनच काम करा. खिडकीची चौकट, अँटेना, सोलर पॅनेलचे पाय अशी जिथे जिथे छपराला भोकं पडली आहेत, तिथल्या सीलंटवरून, म्हणजे फटी बुजवणाऱ्या लेपावरून, अंगठा फिरवा. चांगलं सीलंट किंचित दबतं आणि परत वर येतं. कडक झालेल्यावर केसासारख्या चिरा दिसतात, कडेला नख घातलं तर पापुद्रा उचलतो. पाणी एवढ्याशा वाटेने शिरतं आणि लाकडी सांगाड्यातून सरकत भलतीकडेच बाहेर पडतं, म्हणून आतला डाग जिथे दिसतो तिथेच वर गळती असेल असं धरू नका.

दुरुस्तीला हाताशी असलेली बाथरूमची सिलिकॉन ट्यूब वापरू नका. ती नीट धरत नाही आणि नंतर तिच्यावर दुसरं काही चिकटतही नाही. छपराच्या साहित्याला चालणारं सीलंटच घ्या. ईपीडीएम रबराच्या छपरावर पेट्रोलियमयुक्त क्लीनरही नको, रबर फुगतं. पण भिंत दाबल्यावर मऊ लागत असेल, तर ट्यूब बाजूला ठेवा. आतलं लाकूड कुजलंय, हे काम आता कारागिराचं.

चूक: गॅसला हात घालणं

इथे मी जराही मोकळीक देत नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळाला तर खाली साचतो, म्हणून जमिनीलगत झरोके ठेवलेले असतात. गार वारा येतो म्हणून ते गालिच्याने झाकणारे महाभाग आहेत! तुम्ही एवढंच करा: रबरी नळीवरची तारीख बघा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते पाहा, झरोके मोकळे ठेवा. पुढचं सगळं प्रमाणित तंत्रज्ञाकडे.

चूक: फ्यूज उडतो म्हणून मोठा बसवणं

फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे ठरलेला असतो. 10 अँपिअरच्या जागी 20 चा घातला की फ्यूज वाचतो आणि वायर तापते, तीही पॅनेलच्या मागे, न दिसता.

दिवे मंद झाले की लगेच नवी बॅटरी आणणं हाही असाच उतावीळपणा. चार्जिंग बंद करून काही तास थांबा आणि मीटर लावा. लेड-अ‍ॅसिड बॅटरी 12.7 व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली आहे, 12.2 म्हणजे साधारण निम्मी. बॅटरी भरलेली असूनही दिवा मंद असेल, तर अर्थिंगचा गंजलेला टर्मिनल शोधा.

चूक: लेव्हलिंग जॅकवर विसंबून गाडीखाली शिरणं

ते जॅक गाडी समतल करायला असतात, तुमच्या छातीवर तोलून धरायला नाही. योग्य क्षमतेचे स्टँड नसतील तर खाली जायचंच नाही.

चूक: फक्त मजुरी वाचली म्हणणं

बॉडीच्या वॉरंटीसाठी कंपनी अनेकदा दरवर्षी अधिकृत ओल-तपासणीचा शिक्का मागते. ती चुकवून वाचवलेले पैसे पुढे भिंत उघडावी लागली की कुठल्या कुठे जातात. घरी केलेल्या कामाचीही तारीख आणि पावती ठेवा, विकताना गिऱ्हाईक तीच फाइल मागतं.

चूक: निदान न करताच गाडी सोपवणं

काम दुसऱ्याचं असलं तरी शोध तुमचा असू शकतो. ‘फ्रीज थंड होत नाही’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिकचा वेळ शोधण्यात जातो आणि त्याचे पैसे तुम्ही भरता. अ‍ॅब्सॉर्प्शन फ्रीज (कॉम्प्रेसरऐवजी गॅसच्या किंवा विजेच्या उष्णतेवर चालणारा) आधी समतल जागेवर लावून गॅसवर आणि विजेवर वेगवेगळा चालवून बघा. गॅसवर थंड होतो, विजेवर नाही, म्हणजे कूलिंग युनिट ठीक आहे, दोष हीटिंग एलिमेंटचा किंवा वायरिंगचा. मागच्या बाजूला पिवळट पावडर दिसली किंवा अमोनियाचा उग्र वास आला, तर मात्र फ्रीज बंद करा, खिडक्या उघडा आणि तंत्रज्ञाला नेमकं तेच सांगा.